काळ्या पाषाणाची कुळं

पोलादपूर मागे पडलं की आंबेनळी घाट सुरू होतो. रस्त्यासाठी फोडलेल्या दरडी एका बाजूला सतत सोबत करतात. काळा कठीण पाषाण, त्याच्यावर भोकाभोकांचा सहज ढासळणारा थर, मधूनच तांबड्या मातीची एखादी पट्टी आणि पुन्हा काळा पाषाण. प्रत्येक पाषाण हा लाव्हाचा एक लोट. तांबडी पट्टी दोन लोटांमधल्या शांत काळातली: ऊनपावसानं खालचा खडक झिजला, त्याची माती झाली, वाऱ्यानं आणलेली राख तिच्यात मिसळली आणि मग पुढच्या लोटाखाली ती सगळी गाडली गेली. महाबळेश्वरपर्यंत हजार मीटरहून अधिक चढलं तरी हाच क्रम चालू राहतो. पायथ्याचा एक दगड आणि माथ्याजवळचा एक दगड शेजारी ठेवले, तर कुठला कुठला हे भल्याभल्यांना सांगता येणार नाही.

शास्त्रज्ञांचंही बराच काळ असंच मत होतं. हेन्री वॉशिंग्टन या अमेरिकन खडकतज्ज्ञानं १९२२ मध्ये दख्खनच्या पाषाणाची रासायनिक पृथक्करणं प्रसिद्ध केली. त्याला त्यात दोन गोष्टी ठळक दिसल्या: लोहाचं मोठं प्रमाण आणि रचनेतला सारखेपणा. लाखो चौरस किलोमीटरवर पसरलेला हा खडक जणू एकाच घाण्यातून निघाला असावा, ही समजूत त्यानंतर अनेक दशकं टिकली. तिला धक्का बसला तो याच घाटात. १९८४ आणि १९८५ मध्ये कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी महाबळेश्वर परिसरातल्या लोटांचं रसायन थरागणिक तपासून मांडलं. डोळ्याला सलग दिसणारा हा कडा रसायनाच्या दृष्टीनं तीन कुळांचा निघाला. खाली पोलादपूर, मध्ये आंबेनळी, वर महाबळेश्वर. भूशास्त्राच्या भाषेत हे शैलसमूह. आज जगभरात दख्खनच्या लाव्हावर काम करणाऱ्यांना आपल्या या घाटाचं नाव ठाऊक असतं, आणि ज्यांच्या गावांवरून ही नावं पडली त्या आपल्याला मात्र ते क्वचितच माहीत असतं, याची मला खंत वाटते.

ही कुळं ओळखण्यासाठी दगडाची पूड करावी लागते, आणि ते काम वाटतं तितकं सोपं नाही. घणानं फोडलेल्या तुकड्याची तपकिरी पडलेली साल आधी काढून टाकतात, कारण तिथलं रसायन पावसानं बदललेलं असतं. भोकांमध्ये पांढरे स्फटिक भरलेले दिसले तर तो तुकडा बाजूला काढतात. उरलेला ताजा गाभा अकीकाच्या खलात बारीक करतात. पोलादी खल वापरला तर पुडीत लोखंड आणि क्रोमियम उतरतं, टंगस्टन कार्बाइडचा वापरला तर कोबाल्ट. अकीक जवळजवळ शुद्ध सिलिका, त्यामुळे त्याची भेसळ फारशी आड येत नाही. खंभातच्या कारागिरांनी शतकानुशतकं घडवलेला अकीकही मुळात दख्खनच्या लाव्हातल्या पोकळ्यांमध्येच तयार झालेला आहे. मग त्या पुडीची वडी करून तिच्यावर क्ष-किरण सोडतात. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण परत फेकतं आणि त्यावरून हिशेब लागतो.

आंबेनळी कुळातल्या शंभर ग्रॅम दगडाचा हिशेब साधारण असा येतो: सिलिका ४८-४९ ग्रॅम, लोहाची ऑक्साइडं १३-१४, ॲल्युमिना तेवढीच, चुना १०-११, मॅग्नेशिया ५-६, टायटॅनियमचं ऑक्साइड दोन ते तीन, सोडा दोनाच्या थोडा वर, आणि पोटॅश अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. ही ऑक्साइडं सुटी पडलेली नसतात, ती खनिजांत बांधलेली असतात. ताज्या फोडीवर भिंग धरलं की प्लॅजिओक्लेज फेल्डस्पारच्या पांढुरक्या बारीक काड्या आणि त्यांच्यामध्ये गच्च बसलेले पायरॉक्सीनचे काळपट हिरवे दाणे दिसतात. लोह आणि टायटॅनियमची काळी खनिजं त्याहून बारीक, पण दगड लोहचुंबकाला किंचित ओढला जातो तो त्यांच्यामुळेच. काड्या आणि दाणे एकमेकांत असे अडकलेले असतात की दगड झिजतो, पण भुगा होत नाही. म्हणून जातं, पाटा आणि उखळ याच खडकाचे. गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करता येतं आणि तो पुढची कित्येक वर्षं वाटण वाटतो.

या सगळ्या आकड्यांत सिलिकाचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. सिलिकॉनचा एक अणू ऑक्सिजनच्या चार अणूंना धरतो आणि असे गट एकमेकांना जोडले जाऊन वितळलेल्या खडकातही साखळ्या तयार होतात. सिलिका जितकी जास्त तितक्या साखळ्या लांब आणि रस चिकट. बेसाल्टात, म्हणजे आपल्या या काळ्या पाषाणात, ती निम्म्याच्या आसपास असल्यामुळे अकराशे-बाराशे अंश सेल्सियसला तो लांबवर वाहतो आणि त्यातले वायू फारसा स्फोट न करता सुटून जातात. सत्तर टक्के सिलिकेचा रस असा वाहत नाही. तो नळीतच अडकतो आणि वायूंचा दाब असह्य झाला की फुटतो. सह्याद्रीचे माथे सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे का, त्याचं अर्धं उत्तर या निम्म्या सिलिकेत आहे. उरलेलं अर्धं पावसात आणि नद्यांत आहे.

बेसाल्ट वितळलेल्या रसापासून होतो हे आज शाळेतलं पोर सांगतं, पण अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात यावर कडाक्याचा वाद होता. जर्मनीत फ्रायबर्गला शिकवणारा वेर्नर बेसाल्टाला समुद्राच्या पाण्यातून बसलेला थर मानत असे. आक्षेप असा की खडक वितळून थंड केला तर त्याची काच होते, मग कड्यातल्या दगडात स्फटिक कुठून आले? एडिंबरोच्या सर जेम्स हॉलनं १७९८ मध्ये प्रयोग करून उत्तर दिलं. तिथला बेसाल्टी दगड त्यानं लोखंडाच्या ओतशाळेतल्या भट्टीत वितळवला. पटकन थंड केल्यावर खरोखरच काच झाली, पण तोच रस सावकाश थंड केल्यावर पुन्हा दाणेदार दगड तयार झाला. स्फटिकाला वाढायला वेळ लागतो, एवढंच. आपल्याकडे जाड लोटाचा गाभा दाणेदार आणि लोटाची पटकन निवलेली साल बारीक पोताची असते, तीही याच कारणानं.

हा रस आला कुठून? पृथ्वीच्या कवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र आहे, ही फार पसरलेली चुकीची कल्पना. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण कवचाखालच्या प्रावरणातून त्या आरपार जातात. प्रावरण घन आहे. ते पेरिडोटाइट या हिरवट, जड खडकाचं आहे. त्यात मॅग्नेशिया चाळीस टक्क्यांच्या जवळपास आणि सिलिका पंचेचाळीसच्या आसपास. एवढ्या तापलेल्या खडकाला वितळण्यापासून रोखतो तो त्याच्यावरचा प्रचंड दाब. त्या खडकाचा एखादा उष्ण स्तंभ हळूहळू वर सरकू लागला की दाब उतरत जातो, उष्णता मात्र त्या मानानं फारशी कमी होत नाही, आणि एका खोलीला खडक वितळू लागतो. जपान किंवा इंडोनेशियाच्या ज्वालामुखींत निराळं कारण असतं. तिथे खाली जाणारं समुद्रतळाचं कवच सोबत पाणी नेतं आणि पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू खाली येतो. दख्खनच्या बाबतीत दाब उतरण्याला महत्त्व.

आणि वितळतो तोही सगळा नाही, थोडासाच. बर्फाचा गोळा चोखला की रंग आणि साखर आधी तोंडात येते, पांढरा बर्फ काडीला राहतो, प्रावरणाचंही तसंच. पोटॅशियम, रुबिडियम, बेरियम यांसारखी मूलद्रव्यं पेरिडोटाइटातल्या ऑलिव्हीन या खनिजाच्या जाळीत नीट मावत नाहीत, ती पहिल्या वितळणीबरोबर बाहेर पडतात. मॅग्नेशियम मागच्या घन खडकात राहतं. म्हणून पेरिडोटाइटातून निघतो तो बेसाल्ट, पेरिडोटाइट नव्हे. किती टक्के खडक वितळला आणि किती खोलीवर, याची खूण जाळीत न मावणाऱ्या या मूलद्रव्यांच्या प्रमाणात उरते.

तो स्तंभ कुठला, याचं बहुतेक भूशास्त्रज्ञांना मान्य असलेलं उत्तर हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटाकडे बोट दाखवतं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत त्या उष्ण जागेवरून उत्तरेकडे सरकत होता. भारत पुढे गेला, उष्णतेचा स्रोत मागे राहिला, आणि लक्षद्वीप-चागोसचा समुद्राखालचा डोंगर, मग मॉरिशस, मग रेयुनियन अशी खूण उमटत गेली. पितों द ला फुर्नेज हा रेयुनियनचा ज्वालामुखी आजही वरचेवर फुटतो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कोकणातून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी उसासाठी जी काळ्या दगडांनी भरलेली रानं साफ केली, ती या हिशेबानं सह्याद्रीचीच धाकटी भावंडं. स्तंभाची ही कल्पना सर्वांना पटलेली नाही, हेही सांगायला हवं. कवच ताणलं जाऊन फाटणं हेच मुख्य कारण, असं मानणारे अभ्यासक भारतातही आहेत आणि त्यांचे आक्षेप बिनमहत्त्वाचे नाहीत.

प्रावरणातून थेट निघालेल्या रसात मॅग्नेशिया दहा टक्क्यांच्या वर असायला हवी. आपल्या दगडात ती बहुधा पाच ते सात. बाकीची गेली कुठे? वाटेत. वर येताना हा रस कवचात आणि कवचाच्या तळाशी ठिकठिकाणी साचून राहिला, निवू लागला, आणि पहिल्यांदा ऑलिव्हीनचे स्फटिक धरले. ते मॅग्नेशियम घेऊन तळाला बसले, उरलेला रस त्या मानानं लोहानं समृद्ध झाला. मग प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीनची पाळी. या क्रमाचा पाया वॉशिंग्टन शहरातल्या भूभौतिक प्रयोगशाळेत नॉर्मन बोवेननं घातला आणि १९२८ च्या पुस्तकात तो सविस्तर मांडला. पुणे जिल्ह्यात मंचर, गिरवली या भागात या साचलेपणाचा डोळ्यांना दिसणारा पुरावा आहे. तिथल्या काही लोटांत प्लॅजिओक्लेजचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढरे चपटे स्फटिक काळ्या दगडात विखुरलेले दिसतात. एवढे मोठे स्फटिक वाहत्या लाव्हात वाढत नाहीत. ते खाली, साचलेल्या रसात निवांत वाढले आणि मग उद्रेकाबरोबर वर आले.

मुंबईत याच्या पुढचा टप्पा पाहायला मिळतो. मढ, गोराई, उत्तन या किनाऱ्यावर ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे फिकट रंगाचे, सिलिका भरपूर असलेले खडक आहेत. बेसाल्टाच्या मुख्य कालखंडानंतर काही दशलक्ष वर्षांनी ते आले. मालाडचा पिवळसर दगड याच जातीचा. काळा घोडा भागातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या बांधकामात कुर्ल्याचा बेसाल्ट आणि मालाडचा ट्रॅकाइट दोन्ही वापरले आहेत, म्हणजे एकाच इमारतीच्या भिंतीत ज्वालामुखीय रसायनाची दोन टोकं हातानं चाचपता येतात.

आता कुळांकडे परत. एकाच प्रकारचा रस, एकाच प्रकारचं साचणं, मग पोलादपूर आणि आंबेनळी वेगळे का? याचं उत्तर स्ट्रॉन्शियम देतं. रुबिडियम-८७ अत्यंत सावकाश किरणोत्सर्ग करत स्ट्रॉन्शियम-८७ बनतं. त्याचं अर्धायुष्य जवळजवळ पाच हजार कोटी वर्षांचं, पृथ्वीच्या वयाच्या दहापट. खंडाच्या जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम भरपूर, त्यामुळे तिथे स्ट्रॉन्शियम-८७ साठत गेलेलं असतं. प्रावरणात रुबिडियम नगण्य. स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर प्रावरणातून आलेल्या कोऱ्या रसात ०.७०३-०.७०४ च्या आसपास असतं. स्फटिक धरण्यानं किंवा तळाला बसण्यानं ते बदलत नाही. ते बदलतं फक्त बाहेरचं काही मिसळलं तर.

आंबेनळीचं गुणोत्तर ०.७०४ च्या जवळ. त्यात बेरियमही दहा लाख भागांत शंभर भागांहून कमी. हा रस कवचाला फारसा न शिवता वर आला. पोलादपूरचं गुणोत्तर त्याहून चढं, आणि त्याच्याही खाली असलेल्या, लोणावळा-खंडाळा परिसरात दिसणाऱ्या बुशे कुळात ते ०.७१३ च्याही वर जातं. बुशेच्या रसानं वाटेतला ग्रॅनाइटी खडक वितळवून पोटात घेतला. मला सर्वांत विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. सर्वाधिक भेसळ झालेले लोट हे सर्वाधिक निवलेले असतील, अशी अपेक्षा होती. रस खाली रेंगाळला, निवता निवता कवच खात बसला, असं चित्र. प्रत्यक्षात उलट दिसलं. जास्त मॅग्नेशियाचे, म्हणजे जास्त उष्ण लोटच जास्त भेसळीचे निघाले. तापलेला पातळ रस भेगांमधून खळाळत वर चढताना भिंती वितळवत गेला. ज्याच्या अंगात उष्णता जास्त, त्यानं खाल्लंही जास्त.

त्यानं जे खाल्लं त्या जातीचा खडक आता हातात आला आहे. कोयना भागातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या कराड इथल्या प्रयोगशाळेनं तीन किलोमीटर खोल विंधणविवर घेतलं. साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट पार केल्यावर ड्रिल थेट ग्रॅनाइट आणि नीस या खडकांत शिरलं. अडीचशे कोटी वर्षांहून जुना हा पाया दक्षिणेकडे कर्नाटकात जमिनीवर उघडा दिसतो. महाराष्ट्रात तो लाव्हाखाली झाकला गेला.

कुळं हाती आल्यावर नकाशा बदलला. आयआयटी मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव, अमेरिकेतले पीटर हूपर आणि त्यांचे सहकारी यांनी रसायनाच्या आधारे इगतपुरीपासून बेळगावपर्यंतचे थर एकमेकांना जोडले. थर दक्षिणेकडे अगदी किंचित, एका अंशाहूनही कमी कललेले आहेत. इगतपुरी, जव्हार ही नावं लावलेली कुळं जुनी. दक्षिणेला पन्हाळा आणि बेळगावजवळच्या देसूरची नवी. कळसूबाईचं शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच, तरी त्याचे खडक महाबळेश्वरच्या माथ्याहून वयानं थोरले.

आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ, राजमहेंद्रीला, बेसाल्टाचे थोडेसे लोट आहेत. मुख्य दख्खनपासून तुटलेले, सह्याद्रीपासून सुमारे हजार किलोमीटर दूर. ते तिथल्याच एखाद्या ज्वालामुखीचे, असं समजणं स्वाभाविक होतं. पण त्यांचं रसायन आंबेनळी आणि महाबळेश्वर कुळांशी जुळलं. २००८ मध्ये स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी मांडलं की हे लोट पश्चिमेकडून प्राचीन नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत तिथपर्यंत पोचले असावेत. तसं असेल तर पृथ्वीवर माहीत असलेल्या सर्वांत लांब लाव्हालोटांमध्ये त्यांची गणना होते. वरची साल निवून झाकण धरते, आतला रस तापलेलाच राहतो, म्हणून एवढा पल्ला गाठता येतो.

दख्खनच्या लोटांचं वय काढणं अवघड असतं. युरेनियम धरून ठेवणारं झिरकॉन हे खनिज कमी सिलिकेच्या बेसाल्टात सहसा तयार होत नाही. ते सापडलं तांबड्या पट्ट्यांमध्ये, दुसरीकडच्या स्फोटक उद्रेकांतून उडून आलेल्या राखेत. ब्लेअर शोन यांच्या गटानं ही झिरकॉन वापरून आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटानं लाव्हातल्या आरगॉनवरून काढलेली वयं फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाली. मुख्य उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांत आटोपले, यावर दोघांचं एकमत. डायनोसॉर नष्ट झाले त्या क्षणाच्या आधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर मात्र नाही. हा प्रश्न महत्त्वाचा, कारण लाव्हाबरोबर गंधकाचा वायू येतो. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीच्या भेगेतून आठ महिन्यांत सुमारे १५ घन किलोमीटर लाव्हा आणि बारा कोटी टन सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. चारा विषारी झाला, जनावरं मेली, दुष्काळात देशातला साधारण पाचवा माणूस दगावला. दख्खनचा एकेक मोठा लोट हजार घन किलोमीटरपर्यंतचा होता.

लोट निवल्यावरही रसायन थांबलं नाही. वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांतून कोमट पाणी फिरलं, त्यानं खडकातली सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम विरघळवलं आणि पोकळ्यांत झिओलाइटं आणि त्यांची सोबती खनिजं बसवली: सुयांच्या जुडग्यासारखं स्कोलेसाइट, मोतिया रंगाचं स्टिलबाइट, पाण्यासारखं नितळ ॲपोफिलाइट. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत त्यांच्यासोबत निळं कॅव्हन्साइट सापडलं. त्याचा तो झगझगीत निळा रंग व्हॅनेडियमचा. खडी फोडणाऱ्या कामगारांच्या नजरेमुळे यातले कितीतरी नमुने क्रशरखाली जाता जाता वाचले आणि जगभरच्या संग्रहालयांत पोचले.

वरच्या अंगाला हवापाण्याचं काम. कमी पावसाच्या देशावर बेसाल्टातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जागच्या जागी राहिलं, त्यातून पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीची काळी रानं झाली. कोकणात, पाचगणीच्या टेबललँडवर आणि कासच्या सड्यावर सिलिका, चुना, सोडा सगळं धुऊन गेलं. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी उरली. तो जांभा. लोह जास्त उरलं तिथे चिऱ्याचा दगड, ॲल्युमिनियम जास्त उरलं तिथे कोल्हापूरकडचं बॉक्साइट.

याच झिजण्याकडे आता निराळ्या कारणानं लक्ष गेलं आहे. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम बाहेर काढतो आणि त्यांच्याशी मिळून कार्बोनेट बनतो, म्हणजे वायूचा दगड होतो. आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रकल्पानं तो जमिनीखालच्या बेसाल्टात सोडला आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून अधिक वायू दगड झाल्याचं २०१६ मध्ये दाखवलं. दख्खनचा बेसाल्ट त्याहून कितीतरी विस्तृत, त्यामुळे इथेही याचा अभ्यास चालू आहे. अडचण पोकळ्यांची आहे. आइसलँडचा खडक तरुण आणि त्याची भोकं बरीचशी मोकळी. आपल्याकडे पुष्कळशा पोकळ्या झिओलाइटांनी आणि चिकणमातीनं कधीच भरून टाकल्या आहेत. भोकाभोकांच्या कोणत्या थरांत अजून पाणी खेळू शकतं, हे कुळागणिक तपासावं लागेल.